बाळारामचं बेट

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातून दर दोन-तीन वर्षांनी एक फॉर्म फिरायचा. नाव, जन्मतारीख, शिक्षण, मूळ गाव. बाळाराम मूळ गावाच्या रकान्यात गावाचं नाव लिहायचा आणि त्यापुढे ठळक अक्षरांत लिहायचा, 'पाण्यात'. हेडक्लार्क फॉर्म परत पाठवायचा, बाळाराम तोच फॉर्म पुन्हा नेऊन द्यायचा. असं चार वेळा झाल्यावर मी मध्ये पडले. म्हटलं, "अहो, आत्ता राहता तिथला पत्ता लिहा ना, कशाला डोक्याला ताप?" तर म्हणाला, "आत्ताचा कंदी इचारला, मॅडम? मूल गाव इचारलाय. मूल गाव पान्यान हाय." हेडक्लार्कने शेवटी तो फॉर्म फायलीत लावला.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि बाळाराम आमच्या प्रयोगशाळेत परिचर होता. परिचर हा कागदावरचा शब्द. काचपट्ट्या धुणं, जास्वंदीची फुलं आणून ठेवणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं, ही त्याची कामं. बुटका, काळासावळा, खांदे मात्र पैलवानाचे. ते खांदे वल्ही मारून झालेत हे मला फार नंतर कळलं. प्रॅक्टिकल संपलं की मुलांनी चिरलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या, केसर, देठ सगळं तो एका सुपलीत भरायचा आणि आवारातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायचा. कचऱ्याच्या डब्यात कधी टाकलं नाही. "काम झाला म्हनून उकिरड्यावर टाकाचा क?" असं मलाच विचारायचा, जणू ती फुलं मी फेकायला सांगितली होती.

दुसरी खोड नळांची. तीन मजले आणि सत्तावीस नळ. दुपारच्या सुट्टीत तो सगळे फिरून बघायचा. कुठे थेंब गळताना दिसला की पान्हा घेऊन हजर. आमच्या नळाला बारवी धरणाचं पाणी येतं आणि बाळारामचं गाव त्याच धरणात गेलेलं. एकदा प्रिन्सिपॉलसाहेबांची मीटिंग चालू असताना हा दार ढकलून आत शिरला आणि कोपऱ्यातलं बेसिन गाठून म्हणाला, "साहेब, गाव गलतंय." मीटिंगमध्ये सगळे हसले. मी पण हसले. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आणि तिसरी गोष्ट, तो गूळ खात नसे. संक्रांतीला अख्खं कॉलेज लाडू वाटतंय, हा घ्यायचा, डोक्याला लावायचा आणि कागदात गुंडाळून खिशात टाकायचा. घरी भाचरांना द्यायचा म्हणे. चहात साखर चालायची, तीही तीन चमचे! "तुम्हाला गोड बोलायचं नसतं म्हणून खात नाही," अशी आम्ही त्याची टिंगल करायचो. त्यावर नुसता दात दाखवायचा.

धरणाची उंची वाढवली तेव्हा पाणी गावठाणात शिरलं. गावाच्या पाठीमागचा डोंगर तेवढा वर राहिला आणि त्याचं बेट झालं. डोंगरावर राई होती, राईत गावदेवी होती. लोक वरच्या अंगाला नव्या वसाहतीत गेले, देवी बेटावरच राहिली. पूजेचा मान बाळारामच्या घराण्यात, म्हणून त्याने एक जुनी होडी घेतली. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो देवीला न्यायचा आणि आणायचा. कोणाकडून एक पैसा घेतला नाही. उलट ज्या म्हातारीला चढवत नसेल तिला पाठुंगळी घ्यायचा.

मला बेट बघायचं होतं ते झाडांसाठी. देवावर माझा विश्वास नाही आणि ही गोष्ट मी लोकांना जरा जास्तच वेळा ऐकवते. तर एका रविवारी मी आणि आमचे फिजिक्सचे किशनसर बदलापूरहून रिक्षा करून काठावर पोचलो. होडी निघाली. बेट समोर हाताच्या अंतरावर दिसत होतं, पण बाळाराम होडी उजवीकडे वळवून लांबचा फेरा घ्यायला लागला. पाण्यातून एका वाळलेल्या ताडाचा बोडका शेंडा वर आला होता. त्याला मोठं रिंगण घालून आम्ही गेलो.

किशनसरांना पोहता येत नव्हतं. ते म्हणाले, "अरे बाळाराम, सीधा ले ना यार, बीस मिनट बच जाएगा."

"साईं, सीधा रास्ता नहीं है," एवढंच तो म्हणाला आणि वल्ही मारत राहिला.

मध्यावर आल्यावर किशनसरांनी खिशातून एक पुडी काढली. साखर आणि तांदूळ. दोन्ही हातांनी ते पाण्यात सोडून डोळे मिटले. आमच्याकडे सिंधी लोक पाण्याला असं देतात. मला वाटलं, बाळाराम काहीतरी चेष्टा करेल. तर त्याने वल्ही आडवी धरून होडी थांबवली आणि सरांचं पुटपुटणं संपेपर्यंत थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा, त्यांना कलतं." म्हणजे मला कळत नव्हतं!

बेट बघायची त्याची एक रीत होती आणि ती मोडायची कोणाची टाप नव्हती. चपला होडीतच ठेवायच्या. आधी पाण्याच्या कडेने जायचं. तिथे अर्धी बुडून मेलेली झाडं उभी होती आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. मग खडकातलं उखळ. पूर्वी लग्नाची हळद तिथेच कुटायचे. त्यात आता पावसाचं पाणी होतं आणि बेडकीची पिल्लं. मग झरा. तो उन्हाळ्यातही आटत नाही. चोहोबाजूंनी इतकं पाणी असून बाळाराम प्यायचा ते त्या झऱ्याचंच. "त्यो सरकारचा पानी, ह्यो आमचा," म्हणायचा. वाट सोडून मी कुठे उभी राहिले की मागून आवाज यायचा, "चला मॅडम, बघाचा त चालून बघाचा. बसून बघाला सिनेमा हाय."

राई सगळ्यात शेवटी. आत शिरलं की ऊन संपायचं. उंबर, बेहडे, आंबे असे चढलेले की शेंडे दिसू नयेत. आणि गारंबीच्या वेली! माणसाच्या मांडीएवढे जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले आणि त्यांना हातभर लांब शेंगा लटकत होत्या. पुस्तकात शिकवलेली गारंबी मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. माझं तोंड उघडंच राहिलं. मध्ये दगडी चौथरा, त्यावर शेंदूर लावलेली गुडघाभर उंच शिळा. ती देवी. देऊळ नाही, छप्पर नाही. "छप्पर घातला त ती रागावते," असं बाळारामने सांगितलं, शेजारीण रागावते तसं.

राईतलं एक पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा नियम त्याने आधीच बजावला होता. पण माझा हात कसला ऐकतोय! जमिनीवर पडलेलं गारंबीचं एक पान मी वहीत सरकवलं. तोडलं नव्हतं, पडलेलंच होतं, असं मनाशी समर्थनही करून टाकलं. होडी अर्ध्या पाण्यात आली आणि बाळाराम थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही. होडी वळवली आणि पुन्हा बेटाकडे वल्हवायला लागला. किशनसर विचारताहेत, "क्या हुआ, क्या भूल गया?" मी वहीतलं पान काढून हातात घेतलं. काठावर उतरून पाय भाजत एकटी राईत गेले, पान जिथून उचललं होतं तिथे ठेवलं आणि परत आले. पूर्ण वाटेत तो मला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मात्र त्याने माझ्या टेबलावर बदलापूरच्या जंगलातनं आणलेली गारंबीची भलीमोठी शेंग ठेवली होती. "ही चालते," म्हणाला.

त्या पानानंतर आमचं जमलं. मी वर्षातून दोन-तीनदा बेटावर जायला लागले. जानेवारीच्या पुनवेला देवीचा दिवस असायचा, तेव्हा हमखास. अशाच एका पुनवेनंतर प्रॅक्टिकलच्या काचपट्ट्या पुसता पुसता त्याने मला ती गोष्ट सांगितली.

गाव उठायच्या आधी गावकऱ्यांनी देवीला कौल लावला होता. शिळेच्या उजव्या आणि डाव्या अंगाला तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा आधी पडला तर नाही. 'आमच्यासंगं नवीन जागेत येतेस का?' असा प्रश्न होता. बाळारामच्या बापाने नुकताच, मरायच्या आधी, मान बाळारामकडे दिलेला. तिशीचा असेल. त्याच्या हातचा तो पहिला कौल.

"सगला चाल्ला व्हता, मॅडम," तो म्हणाला. "घरा चाल्ली, भाताची खला चाल्ली, चिंचेची झारा चाल्ली. मना वाटला, कोन तरी एक मागं रावला पायजे. निवदाचा गूल व्हता ताटान. त्याला बोट लावला आनि उजवा दाना त्या बोटानी चिकटवला."

डावा दाणा पडला. देवी येत नाही म्हणाली. लोक रडले, पाया पडले आणि तिला ठेवून गेले.

मी म्हटलं, "बरं मग? बिघडलं काय? राई वाचली की. देवी हलली असती तर लोकांनी ती झाडं चार वर्षांत तोडून नेली असती."

"बिघारला म्हंजे?" त्याने हातातली काचपट्टी खाली ठेवली. "माजी आयस, मॅडम."

त्याची आई देवीची मोठी भक्त. गाव होतं तेव्हा रोज सकाळी डोंगर चढून देवीला पाणी घालायची. पाणी भरल्यावर पहिल्या पुनवेला बाळारामने तिला होडीत बसायला सांगितलं, तेव्हा ती काठावरच बसली. म्हणाली, "माज्या चुलीवरशी होरी नेतंस क?" घर त्या ताडाच्या शेजारी होतं, परसातला ताड तो. बाळाराम म्हणाला, मी लांबनं नेतो, फेरा घालून नेतो. तर आई म्हणाली, "पानी सगला येकच रं." बसलीच नाही. दर पुनवेला काठावर येऊन बेटाकडे तोंड करून हात जोडायची आणि घरी जायची. अकरा वर्षं. मग गेली. त्या दिवसापासून बाळारामने गूळ सोडला आणि ताडावरून होडी कधीच नेली नाही.

"मी तिला देवीपासून तोरली," तो म्हणाला. "तुमचा इश्वास नाय म्हनून तुमाला सांगतू. ज्यांचा हाय त्यांना कंच्या तोंडानी सांगू?"

तो निवृत्त झाला, मागोमाग मी झाले. तो वसाहतीत राहायचा, मी बदलापूरला. भेटी चालू राहिल्या. एका पावसाळ्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि डॉक्टरने वल्ह्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मी त्याला बघायला गेले तर पठ्ठ्या अंगणात होडीला डांबर लावत बसलेला!

मी चिडले. "मरायचंय का? विलासला द्या की आता होडी आणि मान." विलास हा त्याचा पुतण्या, चाळिशीचा, बदलापूर स्टेशनला रिक्षा चालवतो. धट्टाकट्टा, सरळ माणूस.

"देयाचा त हाय," बाळाराम म्हणाला. "पन कसा देऊ?"

मग त्याने सांगितलं ते ऐकून माझा संतापच निवला. मान पुढच्याला देताना जुन्या मानकऱ्याने सगळ्या गावासमोर देवीच्या शिळेवर उजवा हात ठेवून तीनदा म्हणायचं असतं, 'माझा हात खोटा झाला नाही.' त्याच्या बापाने म्हटलं होतं, आजाने म्हटलं होतं. ते म्हटल्याशिवाय मान उतरत नाही. आणि मान उतरत नाही तोवर वल्हं मारायचं काम त्याचंच.

"म्हणून टाका," मी म्हटलं. खरंच म्हटलं. "कोणाला कळतंय? तीन वाक्यं आहेत. तुमच्या जिवापेक्षा मोठी आहेत का?"

त्याने डांबराचा ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "तिला म्हाईत हाय ना, मॅडम."

पुढच्या पुनवेला मी गेले ती भीतभीत. दोन होड्या होत्या. एकीवर बाळाराम स्वतः वल्ही मारत होता आणि दर दहा हातांना थांबत होता. विलास दोनदा म्हणाला, "काका, दे माज्याकरं." त्याने दिलं नाही. तेवढ्यातही त्याने ताडाला रिंगण घातलंच. बेटावर मात्र त्या दिवशी त्याने रीत मोडली. उखळ नाही, झरा नाही, सरळ राईत गेला. पंचवीस-तीस माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची. पूजा झाली. नारळ फुटला. ताटात गूळखोबरं होतं. विलासला पुढे बसवलं. बाळारामने हात धुतले, पुसले आणि उजवा हात शिळेवर ठेवला.

सगळे वाट बघत होते.

"माजा हात," तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "माजा हात खोटा झाला."

कोणी हललं नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "गाव उठला तवाचा कौल मी खोटा लावला. देवी 'नाय' बोल्ली नव्हती. मी बोल्लू." मला उठून त्याला धरावंसं वाटत होतं, पण देवीच्या दिवशी चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नसतं. नियमांवर कायम वाद घालणारी मी तिथे मुकाट बसून राहिले.

तेव्हा खालून जनाकाकी बोलली. जनाकाकी त्याच्या आईची मैत्रीण, ऐंशीच्या पुढची. तिला त्याने त्या दिवशीही पाठुंगळी आणलं असतं, पण विलासने आणलं होतं.

"गुलाचा," ती म्हणाली.

बाळाराम वळला.

"गुलाचा हात. आमाला नाय म्हाईत क? दुसरे दिशी सकाली आमी देवीला निरोप देयाला आलेलू, तुजी आयस न मी. उजवा दाना तसाच चिकटलेला आनि त्याला मुंग्यांची ही रांग! मी बोल्लू, वयनी, ह्यो काय गं? तुजे आयसनी पदर घेतला, दाना पुसला, मुंग्या झटकल्या. बोल्ली, जना, गप रा. बरा केला त्यानी. देवी घर राखील."

"आय बोल्ली?"

"त मी खोटा बोलतंय क, हितं बसून? म्हाताऱ्यांना आमी सांगितला व्हता. कोन काय बोल्ला नाय. सगल्यांना तेच पायजे व्हता रं, जल्ला. कोनाचा हात धजला नाय, तुजा धजला."

आजूबाजूच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एक म्हातारा तर चक्क हसत होता. बाळाराम शिळेशी उभा होता आणि त्याचे खांदे, ते पैलवानाचे खांदे, गदगदा हलत होते. साठी उलटलेला माणूस असा पोरासारखा रडताना मी पाहिला नव्हता. मलाही आवरेना. तीस वर्षांवर त्याने ते एकट्याने वाहिलं आणि गावाला माहीत होतं! आणि तिनेच, काठावर बसणाऱ्या त्या बाईनेच, ते आधी झाकलं होतं.

जनाकाकी म्हणाली, "आता पुरं झाला. विलासचा हात ठेव देवीवर, आमाला भूक लागलेय."

विलासचा हात ठेवला गेला. तीनदा काय म्हणायचं ते कोणी विचारलं नाही, कोणी म्हटलंही नाही. प्रसाद वाटायला घेतला तेव्हा बाळारामने ताटातला गुळाचा खडा उचलला, पण खाल्ला नाही. मुठीत धरून होडीपर्यंत आला.

परतीला वल्ही विलासकडे होती. बाळाराम मधल्या फळीवर माझ्यासमोर बसला. विलासने सवयीने होडी रिंगणाच्या दिशेने वळवली, तसा तो म्हणाला, "सरल घे."

"ताडावरशी?" विलासने विचारलं.

"हां. सरल."

ताडाच्या शेंड्यापाशी त्याने हाताने थांबायची खूण केली. होडी जागेवर डुलत राहिली. तो वाकून पाण्यात बघत होता. मीही बघितलं. दिसण्यासारखं काही नव्हतं, हिरवं पाणी आणि आमची तोंडं. त्याने मुठीतला खडा दातांनी तोडला. अर्धा तोंडात ठेवला, अर्धा पाण्यात सोडला. गूळ विरघळत खाली गेला. बाळाराम तो गाल फुगवून चघळत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हता. मी त्याला पाहिलं ते हे शेवटचं, कारण त्या चैत्रातच तो गेला. होडी निघाली तेव्हा तो मला म्हणाला, "गोड हाय, मॅडम," आणि बोट चाटलं.